विषाणूची साक्ष किती खरी?

मंडळी, हल्ली गावोगावच्या दवाखान्यांच्या पायरीवर एक वाक्य वारंवार कानी पडते. ‘रिपोर्ट निगेटिव्ह आला, म्हणजे आता चिंता नाही.’ दुसरा कोणी म्हणतो, ‘माझा पॉझिटिव्ह आला आणि शेजाऱ्याचा निगेटिव्ह. ताप तर दोघांनाही सारखाच. मग खरे कोणाचे?’ तिसरा तर सरळ निकालच देतो, ‘अहो, या चाचण्याच खोट्या!’ या तिघांचेही थोडे थोडे चुकते. ते कोठे चुकते हे समजून घ्यायचे असेल, तर विषाणू ओळखण्याची विद्या कशी वाढत गेली याचा इतिहास थोडा चाळावा लागतो. हा इतिहास दूरदेशीचा नाही. त्यातील कितीतरी पाने पुण्यात लिहिली गेली आहेत, आणि एक पान आपल्या नाशिक जिल्ह्यातील मालेगावचेही आहे.

मी इतिहासाचा शिक्षक. इतिहासात आम्हाला एक गोष्ट पहिल्याच वर्षी शिकवतात, ती म्हणजे सगळे पुरावे सारख्या मोलाचे नसतात. घटना घडली त्याच दिवशी लिहिलेले पत्र वेगळे, आणि पन्नास वर्षांनी कोणी आठवून लिहिलेली बखर वेगळी. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या ग्रंथमालेचा पहिला खंड १८९८ साली काढला, तेव्हापासून अस्सल कागदाचा आग्रह मराठी इतिहासात रुजला. बखर टाकून द्यायची नसते, पण तिला पत्राच्या जागी बसवायचे नसते. योगायोग असा, की त्याच १८९८ साली हॉलंडमधील बेजरिंक नावाच्या शास्त्रज्ञाने तंबाखूच्या पानावरील रोगाचा अभ्यास करून असे मांडले, की जिवाणू अडवणाऱ्या बारीक गाळणीतूनही पार जाणारे काहीतरी हा रोग पसरवते. त्याच्या आधी, १८९२ साली, रशियाच्या इव्हानोव्हस्कीनेही हे पाहिले होते. साध्या सूक्ष्मदर्शकाला न दिसणाऱ्या या शत्रूला पुढे ‘व्हायरस’ हे नाव रूढ झाले. आपण त्याला विषाणू म्हणतो.

आता जो डोळ्यांना दिसत नाही, तो अंगात आहे की नाही हे ओळखायचे कसे? येथून आपली गोष्ट सुरू होते.

सर्वांत जुनी चाचणी म्हणजे माणसाचा डोळा. तिला कमी लेखू नका. देवीच्या रोगाची ओळख शतकानुशतके डोळ्यांनीच होत आली. देवी आणि कांजिण्या यांतला फरक जाणती माणसे फोडांवरून सांगत. देवीचे फोड तोंडावर, हातापायांवर जास्त, तळहात-तळपायांवरसुद्धा, आणि एका भागातले सगळे फोड एकाच अवस्थेतले. कांजिण्यांचे फोड छाती-पाठीवर जास्त, आणि त्यांत काही नवे, काही पिकलेले, काही खपली धरलेले. देवी निर्मूलनाच्या मोहिमेत कार्यकर्ते देवीच्या रुग्णाचे चित्र असलेले कार्ड घेऊन घरोघर फिरत आणि ‘असा रोगी कोणी पाहिला का?’ असे विचारीत. खबर देणाऱ्याला बक्षीस असे. त्या खबरींतल्या पुष्कळशा शेवटी कांजिण्यांच्याच निघत. तरीही प्रत्येक खबर तपासली जाई. का? कारण दहा खोट्या खबरींमागे धावण्यात फार तर श्रम वाया जातात, पण देवीचा एक खरा रोगी नजरेतून सुटला तर साथ पुन्हा उठते. १९७५ च्या मे महिन्यात भारतातला देवीचा शेवटचा रोगी सापडला, आणि ८ मे १९८० रोजी जगातून देवी गेल्याची घोषणा झाली.

या मोहिमेतून पहिला धडा घ्या. चाचणीच्या चुका दोन जातींच्या असतात. रोग असून ‘नाही’ म्हणणे ही एक, आणि रोग नसून ‘आहे’ म्हणणे ही दुसरी. चाचणी रोग्याला किती वेळा पकडते, याला शास्त्रज्ञ संवेदनशीलता म्हणतात. निरोग्याला ती किती वेळा निरोगी म्हणते, याला विशिष्टता म्हणतात. शंभर रोग्यांपैकी नव्वद पकडले तर संवेदनशीलता ९० टक्के. शंभर निरोग्यांपैकी अठ्ठ्याण्णवांना सोडून दिले तर विशिष्टता ९८ टक्के. हे दोन आकडे वेगवेगळे आहेत. ‘ही चाचणी किती टक्के खरी?’ असा एकच प्रश्न विचारला, तर त्याचे उत्तर अपुरेच येणार.

देवीचा रोग अंगावर खूण उमटवतो, म्हणून डोळ्याचे काम भागले. परंतु ज्या रोगात नुसता ताप येतो, डोके दुखते, अंग मोडून येते, तेथे डोळा काय करील? डेंग्यू, चिकुनगुन्या, फ्लू, हिवताप, सगळ्यांचा पहिला दिवस सारखाच. म्हणून प्रयोगशाळा हवी झाली.

१९५२ साली पुण्यात ‘व्हायरस रिसर्च सेंटर’ स्थापन झाले. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि अमेरिकेचे रॉकफेलर फाउंडेशन यांचा तो संयुक्त उपक्रम. हीच संस्था १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. संस्था सुरू होऊन पाच वर्षे झाली नाहीत तोच तिची मोठी परीक्षा झाली. १९५७ साली त्या वेळच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या रानात माकडे मरू लागली, आणि रानात जाणारी माणसेही तापाने फणफणू लागली. माकडे मरतात आणि माणसांना ताप येतो, हे दक्षिण अमेरिकेतील पिवळ्या तापाचे लक्षण. तो रोग भारतात शिरला की काय, अशी धास्ती पडली.

त्या काळची खात्रीची चाचणी म्हणजे खुद्द विषाणूला पकडणे. रुग्णाचे रक्त किंवा मेलेल्या माकडाच्या अवयवांचा अंश दोन-चार दिवसांच्या उंदराच्या पिलांना टोचायचा आणि वाट पाहायची. पिले आजारी पडली, तर त्यांच्या मेंदूतून विषाणू वेगळा काढायचा. या मार्गाने नवा विषाणू हाती लागला. तो गोचिडीवाटे पसरतो हेही उमगले. हाच ‘क्यासनूर फॉरेस्ट डिसीज’, आपल्याकडचा माकडताप. पुढे २०१६ साली तो आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातही दिसला.

या पद्धतीत एकदा चोर हाती आला की वाद मिटतो. जिवंत विषाणू समोर असला म्हणजे ‘आहे’ या उत्तरात शंका उरत नाही. पण तिचे दोष पाहा. दिवसच्या दिवस लागतात. विषाणू वाटेत मेला, बर्फ वितळले, नमुना उशिरा घेतला, तर हाती काहीच येत नाही. अशा वेळी ‘सापडला नाही’ याचा अर्थ ‘नव्हता’ असा होत नाही. अस्सल पत्र मिळाले तर सोन्याहून पिवळे, पण दफ्तर जळाले म्हणून लढाई झालीच नाही, असे कोणी म्हणेल काय?

मग शास्त्रज्ञांनी दुसरी वाट धरली. विषाणू अंगात शिरला की शरीर त्याच्याविरुद्ध रक्तात एक द्रव्य तयार करते. त्याला प्रतिपिंड म्हणतात, इंग्रजीत अँटिबॉडी. चोर निघून गेला तरी गावकऱ्यांना त्याचा चेहरा आठवतो, तसे हे आहे. माझ्या भाषेत सांगायचे तर ही रोगाची बखर. ती घटनेनंतर लिहिली जाते, पुष्कळ काळ टिकते, आणि तिच्यात एकासारखा दुसरा दिसल्याने घोटाळाही होतो. माकडतापाच्या विषाणूची प्रतिपिंडांच्या आधारे तपासणी केली, तेव्हा तो रशियातील गोचिडीवाटे पसरणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूंचा भाऊबंद आहे असे दिसले. पिवळ्या तापाची धास्ती मिटली. येथे घराण्याचे साम्य उपयोगी पडले. पण हेच साम्य कधी फसवतेही. डेंग्यू आणि जपानी मेंदूज्वर हे एकाच घराण्यातले विषाणू असल्याने एकाचे प्रतिपिंड दुसऱ्याच्या चाचणीत ‘हो’ म्हणून उभे राहू शकतात.

बखर वाचायची कशी, याचे सुंदर उदाहरण काविळीच्या इतिहासात आहे. डिसेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ या काळात दिल्लीत काविळीची प्रचंड साथ आली. यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळले आणि तेच पाणी नळाने शहरात गेले. सुमारे २९,३०० लोकांना कावीळ झाली, आणि गरोदर स्त्रियांना तिचा फार त्रास झाला. पाण्यातून पसरणारी कावीळ म्हणजे आज ज्याला ‘हिपॅटायटिस ए’ म्हणतात तीच, असे सगळ्यांनी धरून चालले. त्या साथीतील काही रुग्णांचे रक्तजल गोठवून जपून ठेवलेले होते. जवळजवळ पंचवीस वर्षांनी, ‘ए’ काविळीचे प्रतिपिंड ओळखण्याची चाचणी उपलब्ध झाल्यावर, पुण्याच्या संस्थेतील डॉ. खोरशेद पावरी आणि त्यांचे सहकारी यांनी अमेरिकी शास्त्रज्ञांच्या सोबतीने ते रक्तजल तपासले.

काय सापडले? रुग्णांच्या रक्तात ‘ए’ काविळीचे प्रतिपिंड होते! वरवर पाहणारा म्हणाला असता, झाले, सिद्ध झाले. पण प्रतिपिंडांत दोन जाती असतात. एक संसर्ग होताच येणारी आणि काही आठवड्यांनी ओसरणारी, दुसरी मागाहून येऊन वर्षानुवर्षे राहणारी. पहिलीला आयजीएम म्हणतात, दुसरीला आयजीजी. या रुग्णांत ताज्या संसर्गाची खूण नव्हती. सापडले ते जुने प्रतिपिंड होते, म्हणजे ‘ए’ कावीळ त्यांना केव्हातरी लहानपणीच होऊन गेलेली होती. मग दिल्लीची साथ ‘ए’ ची नव्हती, आणि ‘बी’ ची तर नव्हतीच. १९८० साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पुढे त्या निराळ्या विषाणूला ‘हिपॅटायटिस ई’ असे नाव मिळाले. पाहा बरे, चाचणीने खोटे सांगितले नव्हते. तिने सांगितले ते काल घडले की वीस वर्षांपूर्वी, हे विचारणारा भेटला म्हणून सत्य बाहेर आले.

दरम्यान प्रतिपिंड शोधण्याची पद्धतही सुधारली. १९७१ साली स्वीडनमध्ये ‘एलायझा’ नावाची चाचणी निघाली. प्लास्टिकच्या छोट्या वाट्यांत रक्तजल घालायचे, प्रतिपिंड असले की रंग येतो. एका दिवसात शेकडो नमुने तपासून होतात. या चाचणीमुळे एड्सच्या विषाणूचा, म्हणजे एचआयव्हीचा, शोध सोपा झाला. भारतात तो प्रथम १९८६ साली मद्रासमध्ये सापडला. त्या कामाच्या प्रमुख डॉ. सुनीती सॉलोमन माहेरच्या गायतोंडे, मद्रासला स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातल्या. त्यांची विद्यार्थिनी डॉ. निर्मला यांनी गोळा केलेल्या नमुन्यांपैकी सहांचा एलायझा निकाल ‘आहे’ असा आला. तेवढ्यावर त्यांनी डंका पिटला नाही. पुन्हा रक्त घेतले आणि वेस्टर्न ब्लॉट नावाच्या निराळ्या पद्धतीच्या चाचणीसाठी अमेरिकेला पाठवले. तोही निकाल तसाच आला, तेव्हाच ती गोष्ट पक्की मानली गेली.

हा आपला दुसरा धडा. एका साक्षीदाराने तेच पुन्हा सांगितले, तर पुरावा दुप्पट होत नाही. वेगळ्या जागी उभ्या असलेल्या साक्षीदाराने तेच सांगितले, तर होतो. आजही कोणाला एचआयव्ही असल्याचे सांगण्यापूर्वी सरकारी केंद्रात वेगवेगळ्या तीन चाचण्या घेतात, त्या याच कारणाने. शिवाय संसर्गानंतरचे पहिले काही आठवडे प्रतिपिंड तयारच झालेले नसतात. त्या अवधीत प्रतिपिंडाची चाचणी ‘नाही’ म्हणते, आणि ते ‘नाही’ फसवे असते. बखर लिहायला बसण्याआधीच तुम्ही ती वाचायला मागितलीत, तर कोरे पानच दिसणार.

आता तिसऱ्या वाटेकडे येऊ. १९८३ साली अमेरिकेत कॅरी मुलिस यांनी पीसीआर ही युक्ती शोधून काढली. जनुकद्रव्याचा एखादा तुकडा घेऊन त्याच्या प्रती काढायच्या. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. तुमच्या वर्गातल्या मुलांना गणित घालून पाहा. अशा तीस फेऱ्या झाल्या की एका तुकड्याचे १०७ कोटींहून अधिक तुकडे होतात! गवताच्या गंजीतली सुई शोधण्याऐवजी सुयांचीच गंजी करायची. ज्या विषाणूंचे जनुकद्रव्य आरएनए जातीचे असते, त्यांचे आधी डीएनएत रूपांतर करावे लागते. त्या पद्धतीला आरटी-पीसीआर म्हणतात. हे नाव २०२० साली घराघरांत पोचले.

ती साथ आपल्या सर्वांच्या आठवणीत आहे. ३० जानेवारी २०२० रोजी केरळात भारतातील पहिला कोरोना रुग्ण निश्चित झाला, तो पुण्याच्या याच संस्थेतील तपासणीने. ९ मार्चला महाराष्ट्रातले पहिले रुग्ण पुण्यात सापडले. ८ एप्रिलला मालेगावात पहिल्या रुग्णांची नोंद झाली, आणि काही आठवड्यांतच तेथील आकडा शेकड्यांत गेला. साडेचार लाखांहून अधिक वस्तीचे, यंत्रमागांचे, दाट घरांचे हे शहर. एका खोलीत सहा-आठ माणसे. अशा ठिकाणी निकाल आज मिळणे आणि चार दिवसांनी मिळणे यांत जमीन-अस्मानाचा फरक. पण सुरुवातीला आपल्या जिल्ह्यातले नाका-घशाच्या स्रावाचे नमुने दोनशे किलोमीटरवर पुण्याला जात. पुढे मालेगावचे नमुने धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तपासले जाऊ लागले. मालेगावचेच नेते भाऊसाहेब हिरे यांचे नाव या महाविद्यालयाला आहे, ही लक्षात राहावी अशी गोष्ट. चाचणी उत्तम, पण ती दूर; आणि उत्तर येईतो माणूस घरातच. उत्तम साक्षीदार उशिरा पोचला, तर निकालाला काय अर्थ?

म्हणून लवकर उत्तर देणाऱ्या चाचण्यांचा शोध सुरू झाला, आणि येथे एक फजिती झाली. एप्रिल २०२० मध्ये चीनमधून प्रतिपिंड तपासण्याचे झटपट संच मागवले गेले. बोटातून थेंबभर रक्त घ्यायचे, पंधरा-वीस मिनिटांत रेघ उमटते. राजस्थान सरकारने ते वापरून पाहिले आणि तक्रार केली, की निकाल अवघे ५.४ टक्के बरोबर येतात. २१ एप्रिलला भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने राज्यांना हे संच तूर्त थांबवायला सांगितले, आणि २७ एप्रिलला दोन कंपन्यांचे संच परत करायला सांगितले. संच सदोष होते हे तर खरेच. पण ते उत्तम असते तरी ताज्या रुग्णाला ओळखायला ते कितपत उपयोगी पडते? वर सांगितलेच आहे, पहिल्या दिवसांत बखरीचे पान कोरेच असते.

त्यानंतर १४ जून २०२० रोजी अँटिजेन चाचणीला परवानगी मिळाली. अँटिजेन, म्हणजे विषाणूच्या अंगावरचे प्रथिन. येथे शोध प्रतिपिंडाचा नाही, खुद्द विषाणूच्या अंगरख्याचा आहे. अर्ध्या तासात उत्तर. परंतु पीसीआरप्रमाणे येथे प्रती काढल्या जात नाहीत, म्हणून विषाणू भरपूर असेल तरच रेघ दिसते. परिषदेने त्या वेळी दोन ठिकाणच्या तपासणीचे आकडे जाहीर केले होते. ते फळ्यावर लिहून ठेवण्याजोगे आहेत. विशिष्टता ९९.३ ते १०० टक्के, आणि संवेदनशीलता ५०.६ ते ८४ टक्के. म्हणजे ही चाचणी ‘आहे’ म्हणाली तर बहुधा आहेच. पण ‘नाही’ म्हणाली तर? दहा रोग्यांतले दोन ते पाच तिच्या हातून निसटू शकतात. म्हणूनच नियम घातला गेला, की लक्षणे असून अँटिजेन ‘नाही’ म्हणाली, तर आरटी-पीसीआर करावीच. दवाखान्याच्या पायरीवरचे ते ‘आता चिंता नाही’ येथे धोक्याचे ठरते. त्या एका शब्दावर विसंबून तापकरी माणूस घरी जातो, आणि म्हाताऱ्या आईच्या शेजारी बसून जेवतो.

मग आरटी-पीसीआर तरी बिनचूक आहे का? नाही. नमुन्यात विषाणूचा अंश आला, तर ती सहसा चुकत नाही. पण नमुना नीट घ्यायला हवा, आणि योग्य दिवशी घ्यायला हवा. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली सात अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला. लक्षणे सुरू झाली त्या दिवशी शंभरातील सुमारे ३८ रोगी या चाचणीतून निसटत. तीन दिवसांनी हा आकडा २० वर येई. पुढे तो पुन्हा वाढे.

उलट बाजूही पाहा. रोगी बरा झाल्यावर कित्येक दिवस मेलेल्या विषाणूचे तुकडे नाकात सापडतात, आणि पीसीआर त्यांनाही ‘आहे’ म्हणते. पत्राचा फाटका तुकडा मिळाला, म्हणून पत्र लिहिणारा जिवंत आहे असे सिद्ध होत नाही. २०२० च्या सुरुवातीला रुग्णाला घरी सोडण्यापूर्वी चाचणी ‘नाही’ येण्याची अट होती. त्यामुळे ठणठणीत झालेली माणसेही खाटा अडवून बसत. ८ मे २०२० रोजी नियम बदलला. सौम्य रुग्णांना लक्षणे सुरू झाल्यापासून दहा दिवसांनी, शेवटचे तीन दिवस ताप नसल्यास, पुन्हा चाचणी न करता घरी सोडावे असे ठरले. काहींना वाटले, सरकारने हात झटकले. वस्तुतः तो चाचणीची मर्यादा ओळखून केलेला शहाणपणाचा बदल होता.

आता शिक्षक बंधुभगिनींनो, खडू हातात घ्या. समजा, एका चाचणीची संवेदनशीलता ७० टक्के आणि विशिष्टता ९९.५ टक्के आहे. गाव हजार वस्तीचे. पहिल्या गावात फक्त १० जणांना संसर्ग आहे. चाचणी त्यांतील ७ पकडते, ३ सोडते. उरलेल्या ९९० निरोग्यांपैकी सुमारे ५ जणांना ती उगाच रोगी ठरवते. म्हणजे १२ जण पॉझिटिव्ह, आणि त्यांतले ५ निर्दोष! दुसऱ्या गावात साथ जोरात आहे, २०० जणांना संसर्ग आहे. तेथे तीच चाचणी १४० जणांना पकडते, आणि उगाच अडकतात ते फक्त ४. पण निगेटिव्ह ठरलेल्या ८५६ जणांत ६० रोगी लपलेले असतात, चौदांत एक. चाचणी तीच, संच तोच, तपासणारा तोच. तरी पहिल्या गावात ‘आहे’ या शब्दावर संशय घ्यावा लागतो, आणि दुसऱ्या गावात ‘नाही’ या शब्दावर. साथ नसताना आलेला एकटा पॉझिटिव्ह पुन्हा पडताळावा, आणि साथ भरात असताना लक्षणे असलेल्याचा निगेटिव्ह पुन्हा पडताळावा. एवढा नियम सातवीतला मुलगाही पाठ करू शकेल.

प्रतिपिंडाची चाचणी मग निरुपयोगी का? मुळीच नाही. बखर तिच्या कामी आणली तर फार बोलते. पुण्याच्या संस्थेने मे २०२० मध्ये ‘कवच’ नावाची एलायझा चाचणी तयार केली. तिचे प्रसिद्ध झालेले आकडे असे आहेत. संवेदनशीलता ९२.३७ टक्के, विशिष्टता ९७.९ टक्के. मे-जून २०२० मध्ये देशाच्या ७० जिल्ह्यांत २८,००० लोकांचे रक्त तपासून पहिली मोठी पाहणी झाली. महाराष्ट्रातील बीड, परभणी, नांदेड, सांगली, जळगाव आणि त्या वेळचे अहमदनगर हे जिल्हे तीत होते. प्रश्न असा होता, की किती लोकांना नकळत संसर्ग होऊन गेला? उत्तर आले, प्रौढांत ०.७३ टक्के, म्हणजे हजारी सात. आता पुन्हा हिशेब करा. ९७.९ टक्के विशिष्टतेच्या चाचणीत हजार निरोग्यांमागे २१ जण उगाच ‘हो’ ठरू शकतात. खऱ्या सातांपेक्षा खोटे तिप्पट! म्हणून शास्त्रज्ञांनी चाचणीचे दोष हिशेबात धरून मगच आकडा जाहीर केला. जून-जुलै २०२१ मधील चौथ्या पाहणीत हेच प्रमाण ६७.६ टक्क्यांवर पोचले होते. तोवर लसीकरणही सुरू झालेले होते, आणि लसीनेही प्रतिपिंड तयार होतात. एका माणसाच्या उपचारासाठी जी चाचणी अपुरी, तीच सबंध देशाची वाटचाल दाखवायला समर्थ ठरली.

कोरोनाची गोष्ट येथे थांबवू आणि दर पावसाळ्यात आपल्या दारी येणाऱ्या डेंग्यूकडे वळू, कारण या ज्ञानाचा रोजचा उपयोग तेथेच आहे. तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत डेंग्यूसाठी ‘एनएस-१’ अँटिजेनची चाचणी करतात, कारण तेव्हा विषाणूचा अंश रक्तात असतो. पाचव्या दिवसानंतर आयजीएम प्रतिपिंड पाहतात. दुसऱ्या दिवशी आयजीएम तपासून ‘डेंग्यू नाही’ म्हणणे, किंवा नवव्या दिवशी एनएस-१ तपासून तसे म्हणणे, दोन्ही व्यर्थ. कार्डावर रेघ उमटणारी झटपट चाचणी संशय दाखवते. सरकारी नोंदीत पक्का रुग्ण म्हणून धरला जातो तो एलायझाच्या निकालावर, आणि त्यासाठी लागणारे आयजीएमचे संच पुण्याचीच संस्था पुरवते. गावात ‘कार्डावर डेंग्यू, सरकारी रिपोर्टात नाही’ असा वाद उठला, तर कोणावर खोटेपणाचा आळ घेण्यापूर्वी रक्त कोणत्या दिवशी घेतले हे आधी विचारा.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी हातात कागद पडला की डॉक्टरांना चार गोष्टी विचारायला संकोच करू नका. ही चाचणी नेमके काय शोधते, विषाणू, त्याचा तुकडा, की शरीराने ठेवलेली आठवण? नमुना आजाराच्या कोणत्या दिवशी घेतला? सध्या आपल्या भागात हा रोग किती पसरला आहे? आणि निकाल चुकीचा असेल, तर त्याची किंमत कोण मोजणार, मी एकटा की घरातली लहान-थोर माणसे? या चार प्रश्नांत देवीच्या मोहिमेपासून मालेगावपर्यंतचा सारा अनुभव साठलेला आहे.

चाचणी खोटी म्हणून झिडकारणारा, आणि तिचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य मानणारा, दोघेही साक्षीदाराची उलटतपासणी करायला विसरतात. न्यायाधीश काय किंवा इतिहासकार काय, साक्ष ऐकतो, ती कोणाची, केव्हाची, कोठून पाहिलेली हे विचारतो, दुसऱ्या साक्षीशी ताडून पाहतो आणि मग निर्णय देतो. डॉक्टरही तेच करतात. रुग्णाचा ताप, त्याची नाडी, त्याची हकीकत आणि प्रयोगशाळेचा कागद, अशा साऱ्या साक्षी त्यांच्यापुढे असतात. तुमचे काम एवढेच, की हकीकत खरी आणि पुरी सांगायची, ताप कोणत्या दिवशी आला तो दिवस लिहून ठेवायचा, आणि लक्षणे असतील तोवर, कागदावर काहीही लिहिलेले असो, घरातल्या म्हाताऱ्या माणसांपासून आणि तान्ह्या मुलांपासून जरा दूर राहायचे.